करंट अडवला म्हणजे ट्रान्झिस्टर वाचला?

जास्त करंट देणाऱ्या ऑप-अँपचे संरक्षण कसे करावे, या प्रश्नाला एक ठरलेले उत्तर आहे. आउटपुटच्या वाटेवर अगदी कमी ओहमचा एक रेझिस्टर घालावा. त्याच्यावरचे व्होल्टेज ०.६५ व्होल्टच्या आसपास पोहोचले की एक छोटा ट्रान्झिस्टर चालू होतो आणि आउटपुट ट्रान्झिस्टरच्या बेसचा करंट स्वतःकडे वळवतो. करंट हद्दीबाहेर जात नाही, म्हणून अँप्लिफायर जळत नाही. पाठ्यपुस्तकांत ही आकृती ‘शॉर्ट-सर्किट प्रोटेक्शन’ या नावाखाली येते आणि तोंडी परीक्षेत हमखास विचारली जाते. पुढे नोकरीत बोर्ड काढताना तीच आकृती नुसते आकडे बदलून ५ किंवा १० अँपिअरच्या अँप्लिफायरला जोडली जाते.

हा पूर्वपक्ष खुळा नाही, आणि त्याचे खंडन करण्याआधी त्याची बाजू नीट मांडली पाहिजे. त्याचे तीन युक्तिवाद आहेत. पहिला असा की ट्रान्झिस्टरच्या डेटाशीटवर कमाल करंट आणि कमाल व्होल्टेज हे दोन आकडे असतात. व्होल्टेज सप्लायने बांधलेले आहे, करंट लिमिटने बांधला, मग काळजी कसली? दुसरा असा की ओव्हरलोड म्हणजे लोडचा रोध अचानक घटणे. त्याची पहिली खूण करंट वाढणे हीच असते, म्हणून पहारा करंटवर बसवावा. तिसरा युक्तिवाद अनुभवाचा: ७४१ चे आउटपुट ग्राउंडला तासन्‌तास टेकवून ठेवले तरी त्याला काही होत नाही, हे प्रत्येक विद्यार्थ्याने ब्रेडबोर्डवर पाहिलेले असते.

माझे म्हणणे एवढेच आहे की करंट लिमिट करंट हद्दीत ठेवते, ट्रान्झिस्टर वाचवत नाही. ट्रान्झिस्टर मरतो तो उष्णतेने. ही उष्णता व्होल्टेज, करंट आणि वेळ या तिघांच्या गुणाकारातून येते. तिघांपैकी एकावर पहारा ठेवून बाकीचे दोन मोकळे सोडले, तर वाचणे हा योगायोग ठरतो.

७४१ का वाचतो

तिसरा युक्तिवाद सर्वांत बळकट आहे, म्हणून त्यापासून सुरुवात करतो.

बॉब विडलर यांचा १९६५ चा फेअरचाइल्डचा ७०९ हा ऑप-अँप फार गाजला, पण त्याच्या आउटपुटला शॉर्टपासून संरक्षण नव्हते. विडलर यांनीच नॅशनल सेमीकंडक्टरमध्ये १९६७ साली केलेल्या एलएम१०१ मध्ये ते आले आणि १९६८ साली डेव्ह फुलागर यांच्या ७४१ मध्ये ते कायमचे रुजले. ७४१ च्या आत आउटपुटच्या वाटेवर २५ ओहमचा रेझिस्टर आहे. त्यातून २५ मिलिअँपिअर वाहिले की ०.६२५ व्होल्ट होतात आणि पहारेकरी ट्रान्झिस्टर जागा होतो. आता सप्लाय ±१५ व्होल्ट धरा आणि आउटपुट ग्राउंडला टेकवा. उष्णता होते १५ गुणिले २५ मिलिअँपिअर, म्हणजे ३७५ मिलिवॉट. प्लास्टिकच्या आठ पायांच्या पॅकेजचा उष्णतारोध दर वॉटला सुमारे १०० अंश असतो, म्हणजे चिप हवेपेक्षा साधारण ३८ अंशांनी तापते. ३० अंशांच्या खोलीत ती ६८ अंशांवर जाऊन थांबते आणि तिथे कितीही वेळ बसू शकते. तिला वाचवते ते हे गणित. करंट लिमिटने फक्त गणितातला एक आकडा पुरवला.

हीच आकृती मोठ्या अँप्लिफायरला लावू. सप्लाय ±३५ व्होल्ट आणि लिमिट ५ अँपिअर. आउटपुट ग्राउंडला टेकले की ३५ गुणिले ५, म्हणजे १७५ वॉट. ही उष्णता ७४१ च्या सुमारे साडेचारशे पट झाली. तिला बाहेर जायला वाट किती रुंदावली? टीओ-३ धातूच्या पॅकेजमध्ये चिपपासून तळापर्यंतचा रोध दर वॉटला १.४ अंश धरू, आणि उत्तम हीट सिंक व मायका मिळून आणखी ०.६. एकूण २ अंश. १०० वरून २, म्हणजे वाट फक्त पन्नास पट रुंद झाली. चिपचे तापमान हवेपेक्षा ३५० अंशांनी वाढेल असे हिशेब सांगतो. चिप अर्थातच तिथवर पोहोचत नाही, कारण ती त्याआधीच मरते. हीट सिंक कल्पनेतला, अमर्याद मोठा घेतला आणि पॅकेजचा तळ कायम २५ अंशांवर राहिला असे मानले, तरी नुसत्या १.४ च्या रोधावर २४५ अंशांची वाढ होते. म्हणजे हीट सिंकवर कितीही पैसा ओतला तरी ही केस सुटत नाही.

करंट या सर्व वेळात बरोबर ५ अँपिअर होता. लिमिटने आपले काम चोख केले, आणि ट्रान्झिस्टर गेला.

दोन आकडे आणि मधली रिकामी जागा

आता पहिला युक्तिवाद. २एन३०५५ हा जुना, सर्वांच्या हाताखालून गेलेला ट्रान्झिस्टर घ्या. लॅमिंग्टन रोडवर ज्याने कधी अँप्लिफायरचे सामान घेतले आहे, त्याला तो ठाऊक आहे. डेटाशीटवर कमाल करंट १५ अँपिअर आणि कमाल व्होल्टेज ६० व्होल्ट. दोन्ही एकदम घेतले तर ९०० वॉट होतात. पण त्याच डेटाशीटवर तिसरा आकडा आहे, ११५ वॉट, आणि तोही तळ २५ अंशांवर ठेवला तरच. ४० व्होल्ट अंगावर असताना तो सुमारे २.९ अँपिअरच सोसू शकतो. १५ अँपिअरचा हक्क त्याला ७-८ व्होल्टच्या खालीच मिळतो. कमाल करंट आणि कमाल व्होल्टेज हे एका मोठ्या चौकोनाचे दोन कोपरे आहेत असे आपण धरून चालतो; प्रत्यक्षात त्या चौकोनाचा बहुतेक भाग निषिद्ध आहे. जो भाग उरतो त्याला सेफ ऑपरेटिंग एरिया म्हणतात. डेटाशीटमध्ये त्याचा आलेख असतो, आणि हे सगळे भांडण त्या आलेखावरच निकाली निघते.

त्या आलेखाला उजवीकडे आणखी एक उतार असतो, वॉटच्या रेषेहूनही तीव्र. तो सेकंड ब्रेकडाउनचा. बायपोलर ट्रान्झिस्टरचे बेस-एमिटर व्होल्टेज तापमानाच्या दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने घटते. चिपच्या एखाद्या कोपऱ्यात इतरांपेक्षा जरा जास्त उष्णता साठली, तर तो कोपरा त्याच बेस व्होल्टेजला जास्त करंट ओढतो, म्हणून आणखी तापतो, म्हणून आणखी ओढतो. व्होल्टेज जास्त असेल तर हे चक्र काही मिलिसेकंदांत एका बिंदूशी येऊन थांबते. एकूण करंट तोच राहतो, फक्त सगळ्या चिपवर पसरलेला करंट एका ठिपक्यातून वाहू लागतो. बाहेर बसवलेल्या रेझिस्टरला यातले काहीही दिसत नाही, कारण त्याला बेरीज कळते, वाटणी कळत नाही.

मेलेल्या ट्रान्झिस्टरचे शवविच्छेदन हेच सांगते. जळालेल्या २एन३०५५ चे टोपण बारीक करवतीने कापून काढा आणि दहापट भिंगाखाली धरा. (एपेक्सच्या पीए१२ सारख्या हायब्रिड पॉवर ऑप-अँपवर मात्र हा प्रयोग करू नये, त्यांच्यात बेरिलियम ऑक्साइड असते आणि त्याची धूळ विषारी असते.) चौकोनी चिपवर एमिटरच्या पट्ट्या कंगव्याच्या दातांसारख्या दिसतात. त्यातल्या एखाद्या दोन दातांवर टाचणीच्या डोक्यापेक्षा लहान काळपट खड्डा असतो, भोवती अॅल्युमिनियम वितळून पसरल्याची चकचकीत कड असते. अॅल्युमिनियम आणि सिलिकॉन एकत्र ५७७ अंशांना वितळतात, म्हणजे तो ठिपका निदान तेवढा तापला होता. बाकीची चिप कोरी करकरीत असते. आणि पुष्कळदा बाहेरून येणाऱ्या जाड तारा शाबूत असतात. करंट अनावर झाला असता तर आधी तार वितळली असती. सप्लाय दणकट असेल तर मागाहून तारही जाते, पण तो दुसरा अंक. खून झाला तो ठिपक्यात, आणि तोही हद्दीतल्या करंटने.

यावर कोणी म्हणेल, मग मॉसफेट वापरा, त्यांना सेकंड ब्रेकडाउन नसतो. हेही अर्धसत्य आहे. मॉसफेट स्विच म्हणून पूर्ण उघडा असतो तेव्हा तापला की त्याचा रोध वाढतो आणि करंट आपोआप सारखा वाटला जातो. पण लिनिअर अँप्लिफायरमध्ये तो अर्धवट उघडा असतो. तिथे गेट व्होल्टेज कमी असते आणि तापमानाने थ्रेशोल्ड खाली येण्याचा परिणाम वरचढ ठरतो, म्हणजे तापलेला भाग जास्त करंट ओढतो. स्विचिंगसाठी बनवलेल्या दाट पेशींच्या आधुनिक मॉसफेटमध्ये हा दोष अधिक ठळक असतो. डेटाशीटच्या आलेखावर डीसीची रेषा पाहिली की फरक कळतो. काही डेटाशीटमध्ये ती रेषाच नसते, आणि तिचे नसणे हेच उत्तर समजावे.

करंट तोच, उष्णता तिप्पट

दुसरा युक्तिवाद म्हणतो, ओव्हरलोड म्हणजे लोडचा रोध घटणे. मग असे दोन प्रसंग पाहू जिथे लोडचा रोध मुळीच घटत नाही, लिमिट ओलांडली जात नाही, आणि तरीही आउटपुट ट्रान्झिस्टर संकटात असतो.

पहिला प्रसंग रिअॅक्टिव्ह लोडचा. सप्लाय ±२८ व्होल्ट, लोड ८ ओहम, शुद्ध रेझिस्टर. क्लास-बी आउटपुटमध्ये साइन वेव्हची उंची कितीही ठेवली तरी दोन्ही ट्रान्झिस्टर मिळून सरासरी उष्णता जास्तीत जास्त २० वॉट होते. आता रेझिस्टरऐवजी कॉइल किंवा कपॅसिटर घ्या. चालवण्याच्या फ्रीक्वेन्सीला त्याचा इंपीडन्सही ८ ओहमच. पूर्ण उंचीवर करंटचे शिखर दोन्हीकडे ३.५ अँपिअरच येते. पण कॉइल उष्णता खात नाही. घेतलेली ऊर्जा ती परत करते. सप्लायने दिलेली सगळी शक्ती ट्रान्झिस्टरांतच जिरते, आणि हिशेब ६२ वॉटवर जातो. गुणोत्तर बरोबर पाय इतके, म्हणजे ३.१४ पट. कारण सोपे आहे: करंटचे शिखर आता व्होल्टेजच्या शिखरावर येत नाही, शून्यावर येते, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या अंगावर पूर्ण २८ व्होल्ट असताना. करंटवर बसवलेला पहारेकरी या दोन लोडमधला फरक ओळखूच शकत नाही.

दुसरा प्रसंग मोटर उलटी फिरवण्याचा, आणि तो सर्व्हो चालवणाऱ्यांच्या रोजच्या ओळखीचा आहे. सप्लाय तोच ±२८ व्होल्ट, लिमिट ५ अँपिअर, मोटरच्या गुंडाळीचा रोध १ ओहम. मोटर वेगात आहे आणि तिचा बॅक ईएमएफ २० व्होल्ट आहे. तेवढ्यात उलट फिरण्याचा हुकूम येतो. रोटर वजनदार आहे, तो लगेच थांबत नाही, म्हणून २० व्होल्ट तसेच टिकून राहतात. खालचा ट्रान्झिस्टर करंट ओढू लागतो आणि ५ अँपिअरवर लिमिटला टेकतो. आउटपुटवर २० वजा ५, म्हणजे १५ व्होल्ट असतात, आणि खालच्या ट्रान्झिस्टरच्या अंगावर १५ अधिक २८, म्हणजे ४३. उष्णता २१५ वॉट. ग्राउंडला शॉर्ट केले असते तर १४० वॉट झाले असते. म्हणजे ज्याला आपण सर्वांत वाईट अपघात समजून परीक्षा घेतो, त्याहून रोजचे काम जड आहे, कारण त्यात सप्लायबरोबर मोटरही आपली साठवलेली ऊर्जा ट्रान्झिस्टरात ओतत असते.

पूर्वपक्ष म्हणेल, मग लिमिट अर्धी करा. करून पाहू. मोटरचा टॉर्क करंटच्या प्रमाणात असतो. ५ अँपिअरला ती २०० मिलिसेकंदांत थांबत असेल तर अडीच अँपिअरला ४०० लागतील. पहिल्या बाबतीत उष्णता २१५ वॉटवरून ११५ पर्यंत उतरते, एकूण सुमारे ३३ ज्यूल. दुसऱ्यात ११४ वरून ६४ पर्यंत, पण दुप्पट वेळ; एकूण साडेपस्तीस ज्यूल. शिखर खाली आले हे खरे, आणि उष्णता पसरायला वेळ मिळाला हा फायदाही खरा. पण एकूण उष्णता कमी झालीच नाही, किंचित वाढली, आणि यंत्र मात्र निम्म्या चपळाईचे झाले. नुसत्या करंटच्या भाषेत हा सौदा दिसतसुद्धा नाही.

हद्दीची हद्द

जो आकडा आपण हद्द म्हणून गृहीत धरतो, तो स्वतः किती स्थिर आहे हेही पाहू. ५ अँपिअरच्या लिमिटसाठी ०.६५ भागिले ५, म्हणजे ०.१३ ओहमचा रेझिस्टर. लिमिटवर असताना त्यातच सव्वातीन वॉट जिरतात. अर्ध्या वॉटचा बसवला तर तोच आधी काळा पडतो. मग बोर्डवरचे तांबे. नेहमीच्या जाडीच्या तांब्याच्या दर चौकोनाला अर्धा मिलिओहम लागतो. अडीच मिलिमीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर लांब पट्टी म्हणजे २० चौकोन, १० मिलिओहम. सेन्सच्या तारा रेझिस्टरच्या थेट टोकांवरून न घेता पट्टीच्या शेवटावरून घेतल्या, तर लिमिट सुमारे सात टक्क्यांनी सरकते. त्यात पहारेकरी ट्रान्झिस्टर तापून ५० अंश वर गेला की त्याला जागे व्हायला ०.६५ ऐवजी ०.५५ व्होल्ट पुरतात आणि लिमिट ४.२ अँपिअरवर येते. थंडीत सकाळी मशीन सुरू करताना नेमके याच्या उलट होते: मोटरचे वंगण घट्ट, लिमिट चढलेली.

आक्षेप आणि उत्तरे

आता जाणकारांचे आक्षेप. पहिला आक्षेप: साधी लिमिट अपुरी आहे हे मान्य, म्हणून तर फोल्डबॅक असते. आउटपुट व्होल्टेज खाली आले की लिमिटही खाली आणायची. एपेक्सच्या पीए१० आणि पीए१२ या पॉवर ऑप-अँपना यासाठी वेगळी पिनच दिलेली आहे. ही खरोखर सुधारणा आहे, कारण तिने व्होल्टेजला हिशेबात घेतले. म्हणजे आक्षेप घेणाऱ्याने माझा मुद्दा आधीच मान्य केला. पण फोल्डबॅकचे स्वतःचे दुखणे आहे. मोटर थांबलेली असते तेव्हा बॅक ईएमएफ शून्य, आउटपुट व्होल्टेज कमी, आणि सुरू व्हायला करंट मात्र सर्वांत जास्त हवा असतो. फोल्डबॅक नेमके तिथेच हात आखडता घेते आणि मोटर गुणगुणत जागेवर उभी राहते. कॉइलच्या लोडमध्ये करंट एका दिशेचा आणि व्होल्टेज उलट दिशेचे असा काळ प्रत्येक फेऱ्यात येतो. तिथे ती चालू कामात आडवी येते. करंट एकाएकी अडवला की कॉइल उसळी मारते आणि आउटपुट सप्लायच्याही पलीकडे फेकले जाते. आउटपुटपासून दोन्ही सप्लायपर्यंत जलद डायोड नसतील, किंवा सप्लायला परत येणारा करंट गिळता येत नसेल, तर संरक्षणाच्या सर्किटनेच ट्रान्झिस्टर मारला असे होते.

दुसरा आक्षेप: थर्मल शटडाउन असते ना? त्याचे मोल मी कमी लेखत नाही. १९६९ च्या एलएम१०९ या व्होल्टेज रेग्युलेटरमध्ये विडलर यांनी चिपवरच तापमान मोजून आउटपुट बंद करण्याची सोय केली आणि तेव्हापासून अगणित चिप वाचल्या. पण तापमान कुठे मोजले जाते हा प्रश्न आहे. सेन्सर आउटपुट ट्रान्झिस्टरपासून दूर बसला असेल तर तो चिपची सरासरी ऊब मोजतो. चुलीवरचे दूध उतू चालले आहे की नाही हे ओसरीवरच्या थर्मामीटरवरून ठरवण्यासारखे ते आहे. ठिपका मिलिसेकंदांत तापतो, सेन्सरला खबर लागायला त्याहून जास्त वेळ लागतो. शिवाय दोष कायमचा असेल तर चिप बंद होते, थंड होते, पुन्हा चालू होते आणि पुन्हा तापते. ओपीए५४९ या पॉवर ऑप-अँपमध्ये हे चक्र साधारण १६० आणि १४० अंशांच्या दरम्यान चालते. प्रत्येक फेऱ्यात चिप, सोल्डर आणि तळाचा धातू वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात-आकसतात आणि सांधा थकतो. ही सोय पुरेशा हीट सिंकची जागा घेण्यासाठी नाही आणि वारंवार शटडाउनमध्ये गेल्याने विश्वासार्हता घटते, असे निर्माताच डेटाशीटमध्ये सांगतो.

तिसरा आक्षेप फ्यूजचा. फ्यूजला वितळायला मिलिसेकंदांपासून सेकंदांपर्यंत वेळ लागतो, तोवर सिलिकॉनचा निकाल लागलेला असतो. फ्यूज आग लागू देत नाही, आणि त्यासाठी तो हवाच. ट्रान्झिस्टरचा विमा म्हणून त्याच्याकडे पाहू नये.

चौथा आक्षेप व्यवहाराचा आहे: नुसत्या करंट लिमिटवर चालणारे पॉवर ऑप-अँप इतकी वर्षे विकले जात आहेत, ते सगळे जळाले का? नाही जळाले. जे टिकले त्यांच्या मागे कुणीतरी सप्लाय, लोड आणि हीट सिंकचा हिशेब केला होता, किंवा लोड मुळातच सौम्य होते. करंट लिमिटच्या नावावर जमा झालेले पुष्कळ श्रेय खरे तर त्या हिशेबाचे आहे.

विडलर यांचा शेवटचा डाव

या वादात सर्वांत मोठा साक्षीदार विडलर स्वतः आहेत. ज्यांनी एलएम१०१ मध्ये करंट अडवला आणि एलएम१०९ मध्ये चिपचे तापमान मोजले, त्यांनीच १९८० च्या दशकात मिनेओ यामाताके यांच्यासह एलएम१२ हा पॉवर ऑप-अँप केला. १९८७ साली दोघांनी त्यामागची कल्पना शोधनिबंधात मांडली: करंटवर किंवा वॉटवर भरवसा ठेवू नका, पॉवर ट्रान्झिस्टरच्या आतल्या सर्वांत तापलेल्या जागेचे तापमान त्याच क्षणी मोजा आणि त्यावर लगाम ठेवा. एलएम१२ मध्ये आउटपुट व्होल्टेज काहीही असो, १० अँपिअर मिळतात. ±३० व्होल्टच्या सप्लायवर ४ ओहमला ८० वॉट देणारी ही चिप क्षणभर ८०० वॉट उष्णता सोसते, आणि पॉवर ट्रान्झिस्टरच्या आतले तापमान सव्वादोनशे अंशांच्या आसपास आले की स्वतःला आवरते. ठोका छोटा असेल तर ती मोठा करंट जाऊ देते, कारण उष्णतेला अजून जागा आहे. तोच करंट रेंगाळला तर ती अडवते. व्होल्टेज, करंट आणि वेळ यांचा गुणाकार करणारा वेगळा हिशेबनीस तिला लागत नाही. तापमान हेच त्या गुणाकाराचे उत्तर आहे.

एलएम१२ आज बाजारात नवा मिळत नाही, आणि त्यानंतरच्या बहुतेक चिप पुन्हा साधी लिमिट आणि शटडाउन यांवर आल्या. यावरून ती कल्पना हरली असे कोणी म्हणेल. पण कल्पना सोडली म्हणजे प्रश्न सुटत नाही. चिपने जो हिशेब स्वतः केला असता, तो आता बोर्ड काढणाऱ्याने कागदावर करायचा आहे, इतकाच फरक.

मग करंट लिमिट कशासाठी

खंडन इथवर. करंट लिमिट काढून टाका असा याचा अर्थ नाही. ज्या वस्तू खरोखर करंटने मरतात त्यांच्यासाठी ती हवीच: चिपच्या आतल्या तारा, कनेक्टरच्या पिना, बोर्डवरच्या पट्ट्या, आणि मोटरची कायमची चुंबके, जी ठरावीक करंटपुढे आपले चुंबकत्व गमावतात. करंट लिमिटचा आकडा या यादीतल्या सर्वांत दुबळ्या वस्तूवरून ठरवावा. ट्रान्झिस्टरचा निवाडा वेगळा करावा, आणि त्याचा क्रम असा असावा.

आधी लोड. त्याचा करंट आणि व्होल्टेज दोन्ही एकाच कागदावर मांडावेत. रेझिस्टरची सरळ रेषा येते, कॉइलचे अंडाकृती वलय येते, उलट फिरणाऱ्या मोटरचा बिंदू दूर कोपऱ्यात जातो. तोच कागद डेटाशीटमधल्या सेफ ऑपरेटिंग एरियावर ठेवावा, पण २५ अंशांच्या रेषेवर नाही. पॅकेजचा तळ प्रत्यक्ष जितका तापेल त्या तापमानाच्या रेषेवर. जे बिंदू बाहेर पडतील ते किती वेळ बाहेर राहतात हे पाहावे, कारण एक मिलिसेकंदाच्या ठोक्याला चिपचा उष्णतारोध डीसीपेक्षा कित्येक पटींनी कमी असतो.

मग सप्लाय. लोडला २२ व्होल्ट पुरत असतील तर ±३५ ठेवण्याचे कारण नाही. ±२८ वर आणले की शॉर्टची उष्णता १७५ वरून १४० वॉटवर येते आणि रोजच्या कामातली उष्णताही घटते. संरक्षणाचा याहून स्वस्त उपाय दुसरा नाही, आणि सर्वांत कमी वापरलाही तोच जातो, कारण तो ‘प्रोटेक्शन’ या सदरात कुठे छापलेला नसतो.

शेवटी वेळ. ओपीए५४९ मध्ये लिमिट ठरवायला आउटपुटच्या वाटेवर रेझिस्टर लागत नाही. एका पिनवरच्या छोट्या करंटने ती शून्य ते १० अँपिअरमध्ये कुठेही ठेवता येते आणि चालू कामात मायक्रोकंट्रोलरकडून बदलताही येते. मोटर सुरू होताना २०० मिलिसेकंद ८ अँपिअर द्यावेत, मग ३ वर यावे. लिमिटवर ठरलेल्यापेक्षा जास्त वेळ रेंगाळले तर आउटपुटच बंद करावे आणि एक सेकंद थांबून पुन्हा पाहावे. त्याच चिपची दुसरी पिन थर्मल शटडाउनची खूण देते. ती मोकळी सोडू नये, तिची नोंद ठेवावी. वर्षभरात ती एकदा उठली तर तो अपघात समजावा. रोज उठत असेल तर डिझाइन चुकलेले आहे.

असा विचार केला की करंट लिमिट आपल्या जागी येते: बऱ्याच साधनांतले एक, उपयुक्त आणि मर्यादित. ट्रान्झिस्टर सुरक्षित आहे हा दावा मात्र तिच्या नावावर करू नये. तो दावा करणाऱ्याने सर्वांत वाईट प्रसंगी चिपच्या आतले तापमान किती होईल आणि ते किती वेळ राहील, हे दोन आकडे सांगावेत. ते सांगता येत नसतील तर त्या बोर्डवर संरक्षण आहे असे लिहू नये. लिमिट आहे एवढेच लिहावे.